चेहरा दिसतो, पण ओळख?

दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेला २४ वर्षांचा एक जर्मन तरुण वाचला, पण आरशातला स्वतःचा चेहरा त्याला ओळखता येईना. नाक, डोळे, तोंड सारे दिसे. समोर चेहरा आहे हेही कळे. कोणाचा, ते कळत नसे. माणूस बोलला की आवाजावरून उलगडा होई. डॉ. योआखिम बोडामर यांनी १९४७ साली अशा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली आणि विकाराला ‘प्रोसोपॅग्नोसिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘प्रोसोपॉन’ म्हणजे चेहरा आणि ‘अॅग्नोसिया’ म्हणजे ज्ञान नसणे. असा रुग्ण इटलीत १८६७ मध्येच नोंदला गेला होता!

मग या रुग्णांच्या मेंदूतून ओळखीचे चेहरे पुसलेच जातात का? १९८५ मध्ये अमेरिकेत ट्रॅनेल आणि दमासिओ यांनी हे रुग्णांच्या हातालाच विचारले, असे म्हणू या. मनात थोडी जरी खळबळ झाली तरी आपल्या तळहाताला सूक्ष्म घाम येतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण त्यामुळे त्वचेतून वीज अधिक सहज वाहते आणि हा फरक मोजता येतो. दोन रुग्णांना ओळखीचे आणि अनोळखी चेहरे मिसळून दाखवले. कोणाचा चेहरा ते त्यांना सांगता येईना. त्वचा मात्र ओळखीच्या चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देत होती.

याच्या नेमके उलट उदाहरण पॅरिसचे. १९२३ मध्ये कापग्रा या मनोविकारतज्ज्ञाने एका बाईंची हकिगत लिहिली. नवरा आणि मुले हुबेहूब तशीच दिसतात, पण ते तोतये आहेत, असे त्या ठामपणे म्हणत. एलिस आणि यंग यांनी १९९० मध्ये तर्क मांडला, की इथे चेहरा ओळखला जातो, पण त्याबरोबर उमटणारी आपलेपणाची खूण उमटत नाही. १९९७ मध्ये असे पाच रुग्ण तपासले, तेव्हा ओळखीच्या आणि अनोळखी चेहऱ्यांना त्यांच्या त्वचेचा प्रतिसाद जवळपास सारखाच निघाला. (केवळ एवढ्याने भ्रम होत नाही, विचार पारखणारी यंत्रणाही बिघडावी लागते, असे मानतात.) म्हणजे ज्याला आपण ‘ओळखणे’ हा एकच शब्द वापरतो, त्यात मेंदूची निदान दोन कामे आहेत.

काहींना मेंदूला इजा न होताही लहानपणापासून चेहरे ओळखता येत नाहीत. इतरांना ते जमते हेच त्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. केस, कपडे, चाल, आवाज यांवर ते भागवतात. एकच गणवेश आणि सगळ्या मुलींच्या दोन वेण्या असलेल्या वर्गात यातल्या निम्म्या खुणा नाहीशा होतात.