दीडशे प्रती

(सर्व वेळा भारतीय)

14 मार्च 2017. विंडोजमधले एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट जाहीर करते.

14 एप्रिल. त्याच भगदाडातून घुसणारे हत्यार इंटरनेटवर उघड होते. त्याच दिवशी एमईडॉक या युक्रेनी करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून हल्लेखोरांसाठीचा चोरदरवाजा शिरतो. मर्स्क या जहाज कंपनीच्या ओडेसा कार्यालयात हे सॉफ्टवेअर एकाच संगणकावर आहे. वित्त अधिकाऱ्याने मागितले, आयटीने बसवून दिले.

कोण कोणत्या ग्रुपमध्ये, कोणाला कुठे प्रवेश, हे मर्स्कची केंद्रीय डिरेक्टरी ठरवते. तिच्या सुमारे दीडशे प्रती, दीडशे डोमेन कंट्रोलरवर. एक पडला तर बाकीचे सांभाळतील. सगळे एकाच वेळी पडले तर काय, याची तजवीज नाही.

27 जून, दुपारी 2.30 च्या सुमारास. हल्लेखोर एमईडॉकच्या सर्व्हरवर ताबा मिळवतात.

2.40 नंतर. अपडेट मागणारी यंत्रे हल्लेखोरांच्या स्वतःच्या सर्व्हरकडे वळू लागतात.

4.00 च्या सुमारास. नॉटपेट्या हा मालवेअर सुटतो. यंत्राच्या स्मृतीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलतो आणि त्याच किल्लीने पुढची यंत्रे उघडतो. मार्चची दुरुस्ती बसवलेलीही.

त्यानंतर मर्स्कच्या कोपनहेगनमधल्या मुख्यालयात संगणकांचे पडदे एकामागून एक काळे होतात. कर्मचारी ओरडत धावतात: प्लग काढा. संपूर्ण नेटवर्क तोडायला दोन तासांहून अधिक लागतात.

6.03. हल्लेखोर एमईडॉकचा सर्व्हर पूर्ववत करतात. काम झालेले असते.

न्हावा शेवा. जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाचे गेटवे टर्मिनल ठप्प. कोणता माल कोणाचा, हेच कळत नाही. चढउतार थांबते.

मध्यरात्रीनंतर 1.16. हल्लेखोर आपला सर्व्हर शून्यांनी पुसून टाकतात.

पुढचे दिवस. इतर सर्व्हरचे बॅकअप सापडतात. डिरेक्टरीचा एकही नाही. दीडशे प्रती एकमेकींचाच आधार होत्या. सगळ्या पुसल्या गेल्या.

एक सोडून. हल्ल्याआधी घानामध्ये वीज गेली होती. तिथला कंट्रोलर बंद होता, म्हणून वाचला. तिथली इंटरनेट जोडणी इतकी क्षीण, की प्रत पाठवायला कित्येक दिवस लागले असते. हार्ड डिस्क हातोहात नायजेरियाच्या विमानतळावर, तिथून इंग्लंडला गेली.

घानातली प्रत वीज गेल्याने वाचली. भारनियमन आपल्या बुलडाण्यालाही नवे नाही, पण बॅकअप म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून इथे सर्व्हरवरचे ग्रुप केंद्रीय डिरेक्टरीत हलवणाऱ्याने त्याच्या आदल्या रात्री डिरेक्टरीची एक प्रत काढावी, तिची तार काढावी आणि ती कपाटात कुलूपबंद करावी.