रेडिओच्या फेडिंगमधून आलेला फेझर

अकोला-अमरावतीकडच्या कोणा जुन्या माणसाला विचारून बघा, बुधवारी रात्री शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला कशी लागायची. आवाज चढायचा, बुडायचा, मधेच नाकातून आल्यासारखा व्हायचा. रेडिओवर थापा मारून काही होत नसे, कारण दोष आभाळातला. एकच लहर आयनांबरातून वेगवेगळ्या वाटांनी येते. वाटांची लांबी सारखी नसते, म्हणून लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी खोडून टाकतात.

लोक वैतागायचे, त्याच फेडिंगवर अॅपलटन आणि बार्नेट यांनी डिसेंबर १९२४ मध्ये प्रयोग केला. बोर्नमथच्या प्रक्षेपकाची कंप्रता हळूहळू बदलत ऑक्सफर्डला चढ-उतार मोजले, आणि परावर्तक थराची उंची निघाली. अॅपलटनना १९४७ चं नोबेल मिळालं.

पुढे जपानमध्ये फुमियो मिएदांनी मॉस्को रेडिओचा असाच डोलणारा आवाज ऐकला. त्यावरून १९६० च्या दशकाअखेर युनी-व्हाइब बनलं: मधोमध लुकलुकणारा बल्ब, भोवती चार प्रकाशसंवेदी रोध. गंमत बघा, अॅपलटननी कंप्रता हलवली, मिएदांनी फेज.

मॉड्युलर सिंथेसायझरच्या फेझरमध्ये बल्बचं काम व्होल्टेज करतं. ऑल-पास फिल्टरच्या टप्प्यांतून गेलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो. जिथे १८० अंशांचा फरक, तिथे खाच पडते. साधारणपणे चार टप्प्यांना दोन खाचा. व्होल्टेज बदललं की त्या सरकतात.

पहिल्यांदा वापरत असाल तर साइन लहर देऊ नका, तिच्यात एकच कंप्रता. नुसता आवाज कमी-जास्त होईल. सॉटूथ द्या, नाहीतर सरळ व्हाइट नॉइज. खाचा सरकताना स्पष्ट ऐकू येतील.