कौलांची भट्टी आणि तिचे कामकरी

कॅलिफोर्निया स्पेनच्या अमलाखालीं असतां, १७७२ सालीं फादर हुनिपेरो सेरा यांनीं सान लुईस ओबिस्पो हें मिशन स्थापिलें. आरंभीं त्याचीं छपरें लव्हाळ्यांचीं होतीं. १७७६ सालीं वैऱ्यांच्या जळत्या बाणांनीं तीं पेटलीं. पुढें तेथें भाजलेलीं कौलें आलीं.

मिशनांत या कामासाठीं माती मळण्याचा हौद, वाळवणाचें पटांगण व भट्टी असे. कांहीं मिशनांच्या आवारांत भट्ट्यांचे अवशेष अद्यापि आहेत. जनावरांनीं तुडविलेली माती अर्धगोल लाकडी साच्यावर थापून वाळवीत व भाजीत; कौलें मांडीवर वळवीत, ही दंतकथा होय. सान लुईस ओबिस्पो येथें हे श्रम चुमाश लोकांचे. बाप्तिस्म्यानंतर त्यांस मिशन सोडून जाण्याची मोकळीक नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे.

१८३३ सालीं मेक्सिकोच्या सरकारनें मिशनें फादरांच्या ताब्यांतून काढण्याचा कायदा केला. पुढें कित्येक इमारतींचीं कौलें लोकांनीं उतरून नेलीं, आणि उघड्या पडलेल्या कच्च्या विटांच्या भिंती पावसांत विरघळल्या. मंदिरें कोणीं स्थापिलीं हें आपण आदरानें स्मरतों. त्यांच्या भिंती ज्या कौलांनीं राखिल्या, तीं थापणाऱ्यांस मात्र क्वचितच. वाचकहो, ज्युबिलीच्या कृतज्ञतेंत त्या हातांचाही वांटा असूं द्या.