लोणार सरोवरातील सूक्ष्मजंतू आणि पुनर्जननी वैद्यक

लोणार सरोवरातील सूक्ष्मजंतू आणि पुनर्जननी वैद्यक : रोग, इजा किंवा वार्धक्य यांमुळे निकामी झालेली ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचे समूह) शरीरात पुन्हा निर्माण करण्याच्या, अथवा त्यांची जागा घेऊ शकतील अशी ऊतके शरीराबाहेर वाढविण्याच्या शास्त्राला पुनर्जननी वैद्यक असे म्हणतात. अशा ऊतकासाठी जिवंत पेशी, पेशींना वाढीची दिशा देणारे रासायनिक संकेत आणि पेशींना आधार देणारा सांगाडा या तीन गोष्टी लागतात. यांपैकी सांगाड्याचे काम वरकरणी सोपे वाटते, परंतु प्रत्यक्षात ते अवघड आहे. सांगाडा पेशींना धरून ठेवण्याइतका बळकट असावा लागतो, शरीराने त्याला परका मानून चालत नाही आणि नवे ऊतक उभे राहिले की तो निमूटपणे विरघळून जावा लागतो. या कामाला उपयोगी पडणाऱ्या बहुवारिकांचा (लहान रेणूंच्या साखळ्या जोडून बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थांचा) एक वर्ग काही सूक्ष्मजंतू स्वतःच्या पेशींत साठवितात. त्यांपैकी एक जंतू महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात सापडला. खाऱ्या पाण्याचे हे सरोवर आणि आधुनिक वैद्यक यांचा संबंध कसा जुळला, याचा इतिहास येथे दिला आहे.

लोणारचे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात असून त्याचा व्यास सु. १·८ किमी. व खोली सु. १५० मी. आहे. ते ज्वालामुखीमुळे बनले की अशनिपातामुळे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघाताने काचरूप पावलेली खनिजे दाखविण्यात आली आणि अशनिपाताचे मत सर्वमान्य झाले. बेसाल्ट खडकात घडलेली आघातविवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत व त्यांत लोणारचे विवर विशेष सुरक्षित राहिले आहे. विवराच्या वयाबद्दल मात्र अद्याप मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सु. ५२ हजार वर्षे, तर दुसऱ्या पद्धतीने सु. ५ लाख ७० हजार वर्षे येते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विवराच्या उगमापेक्षा त्यातील पाण्याचे रसायनशास्त्र महत्त्वाचे आहे. पावसाचे व झऱ्यांचे पाणी विवरात उतरते, पण त्याला बाहेर जाण्यास वाट नाही; ते केवळ बाष्पीभवनाने कमी होते. बेसाल्टमधून विरघळून आलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम कार्बोनेटांच्या रूपाने तळाशी बसते आणि पाण्यात सोडियमाची कार्बोनेटे व मीठ साचत जाते. हजारो वर्षे चाललेल्या या क्रियेमुळे पाणी तीव्र क्षारीय झाले. शुद्ध पाण्याचे पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारे मूल्य) ७ असते. लोणारच्या पाण्याचे ते १० च्या आसपास नोंदले गेले आहे. विवराच्या काठावर धारेचे गोडे पाणी वाहते आणि काही अंतरावर खाली साबणासारखे बुळबुळीत पाणी लागते, हा अनुभव तेथे जाणाऱ्या प्रत्येकास येतो.

या क्षाराची किंमत लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या ऐन-ए-अकबरी या ग्रंथात मेहकर विभागातील लोणारचे तीर्थक्षेत्र म्हणून वर्णन आहे, आणि त्याच ठिकाणी काच व साबण यांस लागणारी द्रव्ये तेथे मिळतात व त्यांपासून राज्याला महसूल येतो, असेही नमूद केले आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षाराचे थर उघडे पडत. दल्ला, पापडी, भुसकी अशा नावांनी त्यांची प्रतवारी केली जाई. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये सरोवराची नोंद केली, तर १९१२ मध्ये ला टूश व क्रिस्टी यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे त्याच्या भूविज्ञानाचा व क्षारांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे कारखान्यात बनणारा सोडा स्वस्त झाला आणि लोणारच्या क्षाराचे व्यापारी महत्त्व राहिले नाही. क्षार काढणाऱ्यांच्या दृष्टीने सरोवराची संपत्ती येथे संपली, असे म्हणावे लागेल. त्याच पाण्यात दुसऱ्या प्रकारची संपत्ती दडलेली होती, तिच्याकडे लक्ष जाण्यास आणखी अनेक दशके जावी लागली.

क्षारीय पाण्यात जगणाऱ्या जंतूंसमोर दोन अडचणी असतात. बाहेरची क्षारता पेशीत शिरू न देता आतील पीएच मूल्य उदासीनतेच्या जवळ राखणे, ही पहिली. आणि खाऱ्या पाण्याने पेशीतील पाणी ओढून घेऊ नये याची व्यवस्था करणे, ही दुसरी. पहिलीसाठी पेशीच्या पटलात सोडियम बाहेर टाकून हायड्रोजन आत घेणारी प्रथिने असतात. दुसरीसाठी हॅलोमोनास या प्रजातीतील जंतू एक्टोइनासारखी संयुगे पेशीत साठवितात. याशिवाय, कार्बनयुक्त अन्न भरपूर पण नायट्रोजन वा फॉस्फरस अपुरा अशी स्थिती आली की, अनेक जंतू जादा कार्बनाचे बहुवारिक बनवून त्याचे कण पेशीत साठवितात. शेतकरी कुटुंबाने पावसाळ्यापूर्वी घरात धान्याची बेगमी करावी, तसाच हा प्रकार आहे.

या साठ्याचा शोध लोणारपासून फार दूर लागला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मॉरिस लमॉयन यांनी १९२५–२६ च्या सुमारास बॅसिलस मेगॅटेरियम या जंतूत पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट हे बहुवारिक ओळखले. त्यानंतर सु. अर्धशतक हा विषय प्रयोगशाळेपुरताच राहिला. खनिज तेल महाग झाल्यावर ब्रिटनमधील आयसीआय या कंपनीने जंतूंकडून हे बहुवारिक व्यापारी प्रमाणावर मिळविण्याचा उद्योग आरंभिला. शुद्ध पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट ठिसूळ असते. त्याच्या साखळीत हायड्रॉक्सिव्हॅलरेट या दुसऱ्या घटकाचे काही दुवे मिसळले की सहबहुवारिक बनते. त्याची स्फटिकता कमी होते व त्याला लवचिकपणा येतो. ‘बायोपॉल’ या नावाने ते बाजारात आले, परंतु किंमत जास्त असल्याने साध्या प्लॅस्टिकपुढे त्याचा टिकाव लागला नाही.

वैद्यकाला या पदार्थाचे आकर्षण वेगळ्याच कारणाने वाटले. पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटाचे विघटन होऊन जे ३-हायड्रॉक्सिब्युटिरिक अम्ल निर्माण होते, ते मानवी रक्तात मुळातच असते. उपवासाच्या काळात यकृत ते तयार करते व मेंदू त्याचा इंधन म्हणून वापर करतो. म्हणजे रोपण केलेला सांगाडा झिजताना शरीराच्या परिचयाचाच पदार्थ बाहेर पडतो. १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर व जोसेफ व्हॅकंटी यांनी सायन्स या नियतकालिकातील लेखात ऊतक-अभियांत्रिकीची सूत्रबद्ध मांडणी केली आणि विरघळणाऱ्या बहुवारिकांचा शोध जोराने सुरू झाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोकरांच्याच पेशी विरघळणाऱ्या सांगाड्यावर वाढवून हृदयाची त्रिदली झडप तयार करण्यात आली व ती त्याच कोकरांत बसविण्यात आली. ती २० आठवड्यांपर्यंत काम करताना आढळली. या सांगाड्यावर पॉली-४-हायड्रॉक्सिब्युटिरेट या त्याच कुळातील बहुवारिकाचा लेप होता. याच बहुवारिकाच्या, शरीरात विरणाऱ्या शस्त्रक्रियेच्या धाग्याला २००७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जंतूंनी स्वतःसाठी केलेली बेगमी शल्यचिकित्सकाच्या हाती येण्यास लमॉयन यांच्या शोधापासून ऐंशीहून अधिक वर्षे लागली, ही गोष्ट लोणारच्या संशोधनाचे मोल ठरविताना ध्यानात ठेवावयास हवी.

लोणारच्या जंतूंचा पद्धतशीर अभ्यास मुख्यतः पुण्यात झाला. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था १९४६ मध्ये स्थापन झाली. १९९२ मध्ये संस्थापक-संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावावरून तिचे आघारकर संशोधन संस्था असे नामकरण झाले. या संस्थेतील प्रज्ञा कानेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २००२ मध्ये सरोवरातील पाण्याचे व गाळाचे नमुने घेतले. त्या वेळी पाण्याचे पीएच मूल्य १०·५ होते. या नमुन्यांतून १९६ जंतुवाण वेगळे करण्यात आले व त्यांपैकी ६४ वाणांची आनुवंशिक द्रव्यासह तपशीलवार तपासणी करण्यात आली. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र या पुण्यातीलच संस्थेच्या संशोधकांनी २००६ मध्ये सरोवरातील जंतुवैविध्याचा रेणवीय पद्धतींनी केलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या जंतूंचाही मागोवा घेता येतो, हा या पद्धतींचा विशेष फायदा आहे.

आघारकर संस्थेच्या संग्रहात ‘एमसीएम बी-१०२७’ या क्रमांकाने नोंदलेला लोणारचा वाण हॅलोमोनास कँपिसॅलिस या जातीचा आहे. या जातीचे प्रथम वर्णन १९९९ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका क्षारीय सरोवरातील जंतूवरून झाले होते. लोणारचा वाण हायड्रॉक्सिब्युटिरेट व हायड्रॉक्सिव्हॅलरेट यांचे सहबहुवारिक बनवितो, असे २०१० मध्ये दाखविण्यात आले. त्यानंतरच्या संशोधनात या पदार्थाचे गुणधर्म व जैव विघटन यांचा अभ्यास झाला. तसेच शेतीतील टाकाऊ पदार्थांवर जंतू वाढवून उत्पादन घेण्याचे प्रयोगही झाले. किंमत हाच या बहुवारिकांचा जुना अडसर असल्याने हे प्रयोग महत्त्वाचे होत. अशा जंतूंचा आणखी एक फायदा आहे. खाऱ्या व क्षारीय संवर्धद्रवात इतर जंतू सहसा तग धरत नाहीत. त्यामुळे किण्वनपात्राच्या कडक निर्जंतुकीकरणावरील खर्च वाचू शकतो. चीनमध्ये झिंजियांगमधील एका खाऱ्या सरोवराच्या हॅलोमोनास वाणाच्या साहाय्याने निर्जंतुकीकरणाविना अखंड किण्वन करता येते, असे २०११ मध्ये सिद्ध झाले. शिवाय लवणप्रिय जंतू गोड्या पाण्यात टाकले की फुटतात व आतील बहुवारिक मोकळे होते.

तथापि लोणारच्या बहुवारिकापासून उद्या हाडे व झडपा तयार होतील, अशा आशयाचा उत्साह अस्थानी आहे. जमिनीत कुजणारा पदार्थ आणि शरीरात रोपण करण्याजोगा पदार्थ यांत बरेच अंतर आहे. हॅलोमोनास हा ग्रॅम-ऋण जंतू असून अशा जंतूंच्या बाह्य पटलातील अंतर्विष अत्यल्प प्रमाणातही रक्तात गेले, तर ताप व शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न करते. अमेरिकेतील नियमांनुसार रक्ताशी संपर्क येणाऱ्या एका उपकरणावर अंतर्विषाची २० एककांपर्यंतच मर्यादा आहे. बहुवारिक त्याखाली आणण्यासाठी विद्रावकांनी वारंवार शुद्धीकरण करावे लागते आणि स्वस्त उत्पादनाचा फायदा तेथेच बराचसा खर्ची पडतो. त्यानंतर पेशींवरील, प्राण्यांवरील व शेवटी रुग्णांवरील चाचण्या येतात. भारतात अशी रोपणसाधने वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ यांच्या कक्षेत येतात. जैविक विविधता अधिनियम, २००२ अनुसार जैविक संपत्तीच्या व्यापारी उपयोगातून होणाऱ्या लाभात स्थानिकांचा वाटा असावा, असे तत्त्व आहे. दल्ला व पापडी यांच्यावरील महसूल एके काळी राज्याला मिळत असे. जंतूच्या बाबतीत लोणारकरांच्या हाती काय येईल, हा प्रश्न पदार्थ बाजारात येण्यापूर्वीच विचारात घेणे इष्ट ठरेल.

दरम्यान ज्या पाण्यामुळे हे जंतू घडले, ते पाणीच बदलत आहे. सरोवराच्या सुपोषणाबद्दल (सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे शैवलांची बेसुमार वाढ होण्याबद्दल) १९९३ मध्येच शास्त्रज्ञांनी लिहिले होते. २००० मध्ये परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला व नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराचा समावेश रामसर यादीत झाला. त्याच वर्षी जूनमध्ये एरवी हिरवट दिसणारे पाणी अचानक गुलाबी झाले आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांत नाना तर्क सुरू झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही हा विषय आला. आघारकर संस्थेच्या तपासणीत लवणप्रिय आर्किया (जंतूंहून भिन्न असा सूक्ष्मजीवांचा गट) यांची रंगद्रव्ये हे त्याचे कारण आढळले. पाणी आटून खारटपणा वाढल्याने त्यांची भरभराट झाली होती. हे सूक्ष्मजीव तळाशी बसल्यावर रंग ओसरला. अलीकडच्या काही वर्षांत याच्या उलट, पाण्याची पातळी वाढून ते काठावरच्या मंदिरांपर्यंत पोहोचले आहे. पातळी वाढते तेव्हा क्षार विरल होतो व पीएच मूल्य खाली येते. मग क्षारप्रिय जंतूंचा विशेष लाभ संपून सामान्य गोड्या पाण्यातील जंतू त्यांची जागा घेऊ लागतात. जानेवारी २००२ च्या नमुन्यांतील वाण पुण्याच्या संग्रहात गोठवून ठेवलेले आहेत. न वाढविता आलेले, केवळ आनुवंशिक द्रव्याच्या खुणांवरून माहीत झालेले लोणारचे इतर जंतू मात्र केवळ त्या पाण्यातच आहेत.