कॉस्टिक, संगणकीय चित्रणातील

काच वा पाणी यांतून वळून किंवा चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित होऊन एकवटलेला प्रकाश दुसऱ्या पृष्ठभागावर जे तेजस्वी पट्टे व वक्ररेषा उमटवतो, त्यांना कॉस्टिक म्हणतात. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी हलणारी उजेडाची जाळी हे त्याचे परिचित उदाहरण. त्रिमितीय दृश्याच्या रेंडरिंगमध्ये असा प्रकाश हिशोबात आणणे अवघड मानले जाते.

काचेत शिरणारा किरण किती वळेल हे स्नेलच्या नियमाने ठरते. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, पाण्याचा १.३३ आणि हिऱ्याचा २.४२ असतो. परावर्तित व अपवर्तित प्रकाशाचे प्रमाण फ्रेनेलच्या समीकरणांवरून काढतात. काचेवर लंब पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४% परततो. काचेतून हवेत येताना आपतन कोन सुमारे ४२° पेक्षा मोठा असल्यास पूर्ण आंतरिक परावर्तन होते.

टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या रे ट्रेसिंगमध्ये कॅमेऱ्यापासून उलट दिशेने किरण सोडले जातात. त्यामुळे काचेतून दिसणारे दृश्य बरोबर येते. मात्र जमिनीवरून दिव्याकडे सोडलेला छायाकिरण सरळच जात असल्याने काचेने एकवटलेला उजेड निसटतो. जेम्स काजिया यांच्या पाथ ट्रेसिंगमध्ये (१९८६) किरण यादृच्छिक दिशांना उसळतात. दिवा लहान असेल तर काचेतून नेमके त्याच्यापर्यंत पोचणारे किरण विरळ असतात आणि चित्रात ठिपक्यांचा नॉईज उरतो. बिंदुरूप दिवा तर अशा किरणांना कधीच सापडत नाही.

त्यामुळे प्रकाश दिव्याकडून सोडण्याच्या पद्धती पुढे आल्या. जेम्स आर्वो यांनी १९८६ मध्ये तशी पद्धत मांडली. हेन्रिक वान येन्सेन यांच्या फोटॉन मॅपिंगमध्ये (१९९६) दिव्यातून निघालेले फोटॉन काचेतून जाऊन जिथे पडतात, त्या जागा के-डी ट्री या रचनेत साठवतात. मग प्रत्येक बिंदूभोवतीच्या फोटॉनांच्या दाटीवरून तिथली प्रदीप्ती काढतात. कॉस्टिकच्या कडा तीक्ष्ण असल्याने त्यांच्यासाठी वेगळा, अधिक दाट नकाशा असतो. शोधाची त्रिज्या मोठी ठेवल्यास कडा पुसट होतात, लहान ठेवल्यास नॉईज वाढतो. २००८ मध्ये हाचिसुका, ओगाकी व येन्सेन यांनी फोटॉनांच्या नव्या फेऱ्यांसोबत त्रिज्या घटवत नेणारी सुधारित पद्धत दिली.

अपवर्तनांक तरंगलांबीनुसार बदलतो. हा फरक धरल्यास कॉस्टिकच्या कडांना इंद्रधनुषी रंगही येतात. त्यासाठी निरनिराळ्या तरंगलांबींचे किरण वेगवेगळे मोजावे लागतात.