८८ सेल की ८०?

वाकडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये एक एमजी कॉमेट उभी असते. दोन दारांची, खेळण्यातली वाटावी अशी. ‘एमजी म्हणजे मूळची ब्रिटिश कंपनी बरं का,’ असं तिचे मालक, शेजारचे काका, भेटेल त्याला सांगतात. हीच गाडी इंडोनेशियात वुलिंग एअर ईव्ही या नावाने विकतात, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगून काय होणार, त्यांची गाडी छान चालते.

पण एका गाडीला दोन नावं का लागतात, हा प्रश्न डोक्यात राहिला आणि मी मागे मागे वाचत गेलो. पोचलो जपानमधल्या मिझुशिमा इथल्या मित्सुबिशीच्या कारखान्यात, साल २००९.

जपानमध्ये ‘केई’ नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. लांबी ३.४ मीटरच्या आत, इंजिन ६६० सीसीपर्यंत. मित्सुबिशीने २००६ मध्ये ‘आय’ नावाची केई कार काढली होती. अंडाकृती, आणि इंजिन पुढे नाही तर मागच्या चाकांजवळ. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये लांबलचक सपाट जागा मिळाली. इंजिन काढून तिथे मोटर बसवली, फरशीखाली बॅटरी ठेवली, आणि आय-मीव्ह तयार झाली. १६ किलोवॅट-तासांची लिथियम-आयन बॅटरी, ८८ सेल, ४७ किलोवॅटची मोटर.

किंमत होती ४५ लाख ९९ हजार येन. सरकारी सबसिडी वजा केली तरी हा आकडा एका केई कारसाठी अचाट होता. दोष मुख्यतः बॅटरीचा. सेल स्वस्त व्हायचे तर ते भरपूर बनले पाहिजेत, भरपूर बनायचे तर गाड्या भरपूर खपल्या पाहिजेत, आणि गाड्या खपायच्या तर सेल स्वस्त पाहिजेत. या चक्रातून सुटायला मित्सुबिशीला दुसऱ्याचे ग्राहक हवे होते.

ते प्यूजो आणि सिट्रोएनकडे होते. या दोन्ही ब्रँडची मालक असलेल्या पीएसए या फ्रेंच कंपनीची गरज वेगळी होती. युरोपने २००९ मध्ये नियम केला : कंपनीच्या नव्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन किलोमीटरला १३० ग्रॅमपर्यंत आणा, नाहीतर दंड. त्यात एक गंमतशीर कलम होतं. ५० ग्रॅमपेक्षा कमी उत्सर्जनाची एक गाडी २०१२ आणि २०१३ मध्ये साडेतीन गाड्यांइतकी मोजली जाणार होती. म्हणजे एक इलेक्ट्रिक गाडी विकली की हिशोबाच्या वहीत साडेतीन. आपलं काहीही डिझाइन न करता हे पुण्य मिळत असेल तर कोण सोडेल? २०१० च्या अखेरीस प्यूजो आयऑन आणि सिट्रोएन सी-झीरो बाजारात आल्या. पुढचं बंपर आणि लोगो सोडले तर तिन्ही बहिणी एकाच साच्यातल्या, मिझुशिमाहून जहाजाने आलेल्या.

दोन्ही कंपन्यांमध्ये त्याआधी भांडवली भागीदारीचीही बोलणी झाली होती. ती मार्च २०१० मध्ये फिसकटली. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. पैसे गुंतलेले नसले की भागीदार हा फक्त गिऱ्हाईक असतो. आमच्या टीमनेही एकदा एकच अ‍ॅप तीन कंपन्यांच्या लोगोखाली चालवलं होतं. एका कंपनीने करार थांबवला, तर तिचं काहीच अडलं नाही. आमच्यातल्या चौघांना मात्र दुसरी नोकरी शोधावी लागली.

मिझुशिमातही तसंच झालं. युरोपात ३५ हजार युरोंच्या आसपास किंमत असलेली ही चिमुकली गाडी फारशी खपेना. २०१२ मध्ये पीएसएसाठीचं उत्पादन काही काळ थांबवावं लागलं. आणि त्याच सुमाराला तिळ्या बहिणींमध्ये पहिल्यांदा फरक पडला. फ्रेंच नावाच्या गाड्यांत ८८ ऐवजी ८० सेल आले, बॅटरी १४.५ किलोवॅट-तासांची झाली. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे व्होल्टेजही ३३० वरून ३०० वर. मित्सुबिशीच्या नावाची आय-मीव्ह युरोपात ८८ वरच राहिली. आठ सेल कमी म्हणजे तेवढा खर्च कमी. कारण मला तरी एवढंच दिसतं. शोरूममध्ये उभ्या माणसाला बाहेरून यातलं काय कळणार?

त्या कारखान्याची गोष्ट पुढेही चालू राहिली, फक्त भागीदार बदलला. निसान आणि मित्सुबिशी यांनी २०११ मध्ये केई गाड्यांसाठी संयुक्त कंपनी काढली. २०१६ मध्ये निसानने आपल्या नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांचं मायलेज तपासलं, तर आकडे जुळेनात. मित्सुबिशीला कबूल करावं लागलं की चाचण्यांचे आकडे फुगवले होते. सव्वासहा लाख गाड्या, त्यातल्या ४ लाख ६८ हजार निसानच्या लोगोखालच्या. त्याच वर्षी निसानने मित्सुबिशीचे ३४ टक्के शेअर घेतले. आता भागीदार गिऱ्हाईक राहिला नव्हता.

२०२२ मध्ये मिझुशिमातून पुन्हा एक छोटी इलेक्ट्रिक गाडी निघाली, दोन नावांनी : निसान साकुरा आणि मित्सुबिशी ईके एक्स ईव्ही. २० किलोवॅट-तासांची बॅटरी, १८० किलोमीटरची रेंज, सबसिडीआधी साधारण २३ लाख येनपासून किंमत. साकुरा जपानमधली सगळ्यात जास्त खपणारी इलेक्ट्रिक गाडी ठरली. जुळी बहीण त्याच कारखान्यातली, पण खपात खूपच मागे.

आय-मीव्हचं उत्पादन २०२१ मध्ये संपलं. युरोपात तिघी अजून सेकंड हँड मिळतात. त्या घेणारे लोक ओबीडी पोर्टला ब्लूटूथ अडॅप्टर लावून फोनवरच्या अ‍ॅपमध्ये सेल मोजतात. तिघींची अंतर्गत संदेशांची भाषा एकच, त्यामुळे अ‍ॅपही एकच पुरतं. लोगो प्यूजोचा आहे की सिट्रोएनचा, हे त्याला विचारावं लागत नाही. ते थेट प्रत्येक सेलचं व्होल्टेज दाखवतं : कुठे ८८ ओळी, कुठे ८०.