बार्शी रोड ऊर्फ कुर्डुवाडी

मंडळी, आपल्या सोलापूर जिल्ह्यात एक गाव आहे, ज्याला रेल्वेने कित्येक वर्षं दुसऱ्याच गावाच्या नावाने हाक मारली. कुर्डुवाडी! जीआयपी रेल्वेचे रूळ १८५९ मध्ये इथवर आले (बोरघाटाचं काम तेव्हा चालूच होतं, तो १८६३ ला उघडला) आणि स्टेशनला नाव मिळालं 'बार्शी रोड'. म्हणजे बार्शीला जायला उतरायची जागा, बस्स. बाजारपेठ बार्शीत, रूळ इथे आणि मधे सुमारे ३५ किलोमीटर बैलगाडी.

'बार्शी तिथे सरशी' म्हणतात खरं, पण इथे सरशी झाली ती वाडीची. कारण एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जीआयपीत नोकरी केलेला हा इंग्रज इंजिनियर म्हणजे माझा आवडता माणूस. २ फूट ६ इंचांची छोटी लाईन स्वस्तात बांधायची, पण मालगाड्या दणकट हव्यात, हा त्याचा हट्ट. मग त्याने काय केलं, तर कुठल्याही आसावर ५ टनांहून जास्त भार येणार नाही अशी रचना केली. इंजिन जड आहे? चाकं वाढवा, भार वाटून टाका! त्यामुळे यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. आम्ही संगणकवाले लोड बॅलन्सिंग म्हणून जे मिरवतो, ते याने १८९७ साली रुळांवर पळवून दाखवलं. वर सगळ्या डब्यांना एकाच मापाची चौकट. (पुढे पठ्ठ्याने विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं. असो.)

बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. आणि या सगळ्याचा सांधा कुर्डुवाडीत. मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फुटांचे, छोटीचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. डबा इकडचा तिकडे जाणं अशक्य. म्हणजे प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून जाणार, प्रत्येक वारकरी इथे गाडी बदलणार, चहा पिणार, वाट बघणार. शिवाय छोट्या गाडीची दुरुस्ती करणारा कारखानाही इथेच. माझ्या मते कुर्डुवाडी वाढली ती रेल्वेपेक्षा या न जुळणाऱ्या मापांवर.

१९५४ मध्ये ही कंपनी सरकारजमा झाली. २००८ मध्ये लातूरपर्यंत ब्रॉडगेज पूर्ण झालं. आता लातूरचा माणूस रात्री गाडीत झोपतो तो थेट मुंबईला उठतो. कुर्डुवाडी लागते वाटेत, पण उतरायचं कारण उरलेलं नाही.